वेंगुर्ल्याचं नाक

लेस्टर,
२३ मे २०२४

प्रिय सुप्रभा,

सप्रेम नमस्कार. तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा कागद. आम्ही दोघं बरे आहोत. राजीवचा उजवा गुडघा बदलून झाला. आता जिना चढताना तो फक्त डाव्याची तक्रार करतो. ग्लासगोला पाऊस असणारच, तेव्हा विचारत नाही.

पत्राला तसं काही कारण नाही. आम्ही फ्रान्सला जाऊन आलो, एवढंच कळवायचं होतं.

दक्षिणेला समुद्रालगत एक मोठी खाडी आहे. पाण्यात कालवं वाढवायचे लाकडी सांगाडे, आणि काठापासून वर द्राक्षांचे मळे. तिथे पिकपूल नावाची पांढरी वाइन करतात. नाव एसटीच्या विनंती थांब्याचं वाटतं, पण वाइन चांगली कोरडी, गोडवा नावाला नाही. मळ्याच्या मालकीणबाईंनी आम्हाला बांधावर उभं केलं. राजीवने लगेच विचारलं, "एनी चान्स ऑफ अ कप ऑफ टी?" बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पेले भरले. वारा असा की नुसतं उभं राहून ओठ खारट झाले. दिवसभर तापलेल्या द्राक्षांना हाच वारा गार करतो, म्हणून त्यांचा आंबटपणा टिकतो, असं बाई सांगत होत्या.

मी घोट घेतला. आणि सुप्रभा, तू म्हणाली होतीस तेच. मीठ.

आता दोन वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळचं लिहायलाच हवं. इथल्या मराठी मंडळाच्या मदतनिधीसाठी मी वाइन टेस्टिंग ठेवलं होतं आणि तू त्यासाठी मुद्दाम ग्लासगोहून आमच्याकडे राहायला आली होतीस. निवृत्तीनंतर मी सहा शनिवारांचा कोर्स केला होता, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं. चाळीस वर्षं लोकांना भूल दिली, आता जागेपणी प्यायला शिकवते, अशी माझी ऐट! बाटल्या कागदी पिशव्यांत, वर आकडे. तिसरी ओतून मी म्हणाले, "यात बटर आहे, व्हॅनिला आहे, ओकच्या पिंपाचा वास आहे." तीस जणांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेतून तू म्हणालीस, "श्यामल, हे समुद्राकाठचं वाटतंय गं. मीठ लागतंय. आमच्या खाडीवरच्या वाऱ्यासारखं."

आणि मी म्हणाले, "वेंगुर्ल्याच्या माणसाला नळाच्या पाण्यातसुद्धा बांगडा दिसतो!"

हॉल हसला. थोडी तूही हसलीस. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण लोक हसले की मला चेव येतो. मी मिरजेच्या हॉस्टेलची गोष्ट काढली. तू घरचा डबा गरम करायचीस आणि मी सोलापूरची शाकाहारी पोर नाकाला ओढणी लावून "खिडकी उघड!" म्हणून ओरडायचे. "पाच वर्षं वासाने जीव नकोसा केला हिने," असंही म्हणाले. टायफॉइडमध्ये ह्याच बाईने मला चमच्याने पेज भरवली होती, ते काही सांगितलं नाही. तू कोट घेतलास, राजीवने तुला स्टेशनवर सोडलं.

तर फ्रान्सला जाऊन मला कळलं की तू बरोबर होतीस.

हे खोटं आहे. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, तू दारापर्यंत पोचायच्या आत. तिसऱ्या बाटलीची पिशवी ओली होऊन फाटली होती आणि आत पिकपूलचं लेबल दिसत होतं. माझ्या कागदांची उलटापालट झाली होती. चौथीची माहिती मी तिसरीला वाचली होती. तुला हाक मारायची सोडून मी बाटली टेबलाखाली सरकवली आणि चौथी उघडली.

राजीव दोन वर्षं म्हणतोय, "जस्ट से सॉरी, श्यामल. वन वर्ड आहे." पण त्या एका शब्दामागून प्रश्न आला असता, की सर्टिफिकेटवाल्या बाईला लोणी आणि मीठ यातला फरक कसा कळला नाही?

मला वास येत नाही, सुप्रभा. त्याच वर्षी जानेवारीत कोविड झाला तेव्हा नाक गेलं, ते आजवर परत आलेलं नाही. लाज वाटली म्हणून कुणाला सांगितलं नाही. राजीवलाही उशिराच कळलं, दूध जळून पातेलं काळंठिक्कर झालं आणि मी शेजारी खुशाल पेपर वाचत बसले होते तेव्हा. रोज सकाळी लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी हुंगते. चारही सारखेच. जिभेला गोड, आंबट, कडू, खारट तेवढं कळतं. बाकी सगळ्या वाइन म्हणजे नुसतं आंबट पाणी. त्या बांधावर दोन वर्षांत पहिल्यांदा मला पेल्यात काहीतरी सापडलं, आणि ते नेमकं तू दाखवलेलं. मी रडायला लागले. बाईंना वाटलं वाइन फारच आवडली, त्यांनी एक बाटली भेट दिली.

माझं चुकलं गं. थट्टा केली ती चूक, आणि बाटली लपवली ती त्याहून मोठी. अडतीस वर्षं आपण दर रविवारी फोनवर बोलायचो. आता रविवार संपता संपत नाही.

ती बाटली घेऊन मी १ जूनला, शनिवारी, ग्लासगोला येतेय. गाडी पावणेदोनला पोचते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडणार असलीस तर तिरफळं घालून बांगड्याची आमटी कर. मी खाणार नाही, तुझ्या शेजारी बसेन. वास कसा येतोय, ते तू मला सांग.

आणि खिडकी बंद ठेव.

तुझी,
खोली नंबर अठरा, दाराकडची कॉट,
श्यामल