नेलपॉलिशचा ठिपका

४ जून
सरडा पुन्हा निसटला! काठीचा फास त्याच्या मानेपाशी नेला आणि माझा सहकारी शिंकला. चष्मा म्हणतात त्याला सगळे. चष्म्यातूनही काही दिसत नाही ते सोडा!

हा सरडा जगात फक्त याच जंगलात, तोही ओढ्याकाठच्या झाडांवर. किती उरलेत ते आम्ही मोजायचं. भरपूर निघाले तर झाडं पाडून रस्ता, मोजकेच निघाले तर रस्ता वळवणार. एवढं सगळं आमच्यावर — आणि हा शिंकतोय.

९ जून
धरायचा, पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, सोडायचा. बिनठिपक्याचा दिसला की तो नवा. ताईकडून लाल बाटल्या मागवल्या. आईला कोण आनंद! पोरगी नटायला तरी लागली म्हणे. कपाळ माझं.

१७ जून
पाऊस. मोज्यांत जळवा. शेवटची बिस्किटं चष्म्याने खाल्ली.

२ जुलै
नवे सरडे निघतच आहेत. ऑफिसातून साहेबांचा रोज फोन — आकडा किती, आकडा किती? डोकं उठवलंय नुसतं! शेवटी "भरपूर" असा रिपोर्ट पाठवला. झाडांचं वाईट वाटलं, पण आकडा तो आकडा. आता गाडी येईपर्यंत इथेच कुजायचं.

१९ जुलै
खोलीच्या कुंपणावर, ओढ्यापासून एवढ्या लांब, एक सरडा कात टाकत होता. बघत उभी राहिले. पाठीवरची कात सुटली — ठिपक्यासकट! खाली अंग कोरं करकरीत. म्हणजे तेच ते सरडे आम्ही पुन्हा पुन्हा नवे म्हणून मोजले. खरे असतील मूठभर.

चष्म्याला विचारलं, सरडे कात टाकतात हे तुला माहीत नव्हतं?

"होतं की. मला वाटलं, तू धरलं असशील हिशेबात."

आणि मला वाटलं, तो धरतोय! दोघांनी मिळून अक्कल गहाण टाकली होती. साहेबांना फोन केला तर म्हणे, रिपोर्ट परत मागवला तर चारचौघांत शोभा होईल. शोभा! आयुष्यात पहिल्यांदा साहेबांवर ओरडले. रस्त्याच्या इंजिनियरला सारखा फोन लावतेय, लागत नाही. रडू येतंय नुसतं.

२० जुलै
इंजिनियरचाच फोन आला. मी तोंड उघडायच्या आत आभार मानायला लागला. तुमच्या आकड्यामुळे काम अडलं नाही, बाई, म्हणाला. ओढ्याकाठची झाडं काल सकाळीच पाडली.