खिडकीपासून लांबचं टेबल

प्रिय ताई,

हे पत्र ठमी तुला वाचून दाखवणार, तेव्हा सुरुवातीच्या ओळी तिच्यासाठी. ठमे, मामाने लिहिलंय तसंच वाचायचं. मधलं काही गाळायचं नाही आणि आईला वाईट वाटेल म्हणून आवाज मऊ करायचा नाही. तिला ते लगेच कळतं.

आता तू. त्या दिवशी फोनवर म्हणालीस, डोळे गेले तसं लिहिणंही गेलं, आता तो विषय नको. मी बरं म्हणालो. माझं बरं म्हणजे होकार नसतो, पुढचं काही सुचलेलं नसतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. ताई, तुझी गोष्ट अर्धी आहे. नावाड्याची मुलगी वल्हं हातात घेऊन नदीच्या मधोमध बसली आहे, पलीकडे तिचा बाप तापाने फणफणला आहे, आणि तू म्हणतेस तो विषय नको. छापखान्यात दिवसभर लोकांचं लिखाण तपासतो, पण घरी येताना डोक्यात तीच असते. सकाळी हात जोडून बसलो तरी मागणं म्हणून तीच पुढे येते. देवालाही वाटत असेल, हा रोज कोणाच्या मुलीचं घेऊन येतो.

घरची बातमी म्हणजे मागची खोली मोकळी केली. ट्रंका, शिवणयंत्र, मोडका पाळणा, सगळं हललं. लिहायला खोली करतोय म्हटल्यावर तुझी भावजय म्हणाली, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता स्वतःच्या करायच्या ठरवल्यात वाटतं. मी हसून घेतलं. भिंतींना पांढरा रंग दिला, खिडकीखाली टेबल ठेवलं, वाकवता येणारा दिवा आणला, समोर डोंगराचं चित्र लावलं. शेजारचे दोघेतिघे बघून गेले, छान म्हणाले. मलाही छान वाटलं.

मग एका दुपारी दार लावून घेतलं आणि डोळ्यांवर टॉवेल बांधून तिथे बसलो. सगळं चुकलं होतं. पांढरा रंग कुठेच नव्हता. डोंगर नव्हता. दिव्याचा हाताला चटका बसला. खिडकीतून समोरच्या गॅरेजमधली हातोडी सरळ कानात येत होती. उठताना गुडघा खणावर आपटला तो अजून काळानिळा आहे. खोली मी डोळ्यांसाठी केली होती, ताई. दुसरं काही सुचलंच नव्हतं मला.

टेबल करणाऱ्या सुताराला पुन्हा बोलावलं. टेबल खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीकडे घ्या म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, मालक, लिहिणाऱ्याला उजेड लागतो, का कंदील घेऊन बसणार आहात? म्हटलं, इथे हातोडी ऐकू येत नाही, मागच्या झाडाची पानं ऐकू येतात. कोपरे गोल करून घेतले. कडेला बारीक पट्टी मारून घेतली, म्हणजे पेला सरकला तरी खाली जाणार नाही. पायात अडकणारी सतरंजी काढली. टिकटिक करणारं जुनं घड्याळ दाराच्या वर लावलं, म्हणजे दार कुठे आहे ते बसल्या जागी कळतं. सुतार जाताना तुझ्या भावजयीला हळूच विचारून गेला, साहेबांची तब्येत बरी आहे ना?

तिला मी खरं कारण सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी टेबलाशेजारी एक कुंडी आली, पान चुरगळलं की वास देणाऱ्या झुडपाची. आणि काल बघतो तर ही डोळे मिटून, भिंतीला हात लावत, दारापासून खुर्चीपर्यंत चालली होती. मला पाहिल्यावर म्हणाली, काही नाही, जळमटं काढत होते. मी बरं म्हणालो.

आपल्या घरात टेबल एकच होतं. एका बाजूला मी, समोर तू. माझा निबंध तू समोरूनच वाचायचीस, उलटा. तुझं बोट वरून यायचं आणि नेमकं चुकलेल्या अक्षरावर पडायचं. मास्तरांच्या आधी मला तुझी भीती होती. आज छापखान्यात पोटापाण्याचं जे काम करतो ते मी त्या टेबलावर शिकलो. तिथेही आम्ही दोघं समोरासमोर बसतो. माझ्या जोडीला काम करणारे अण्णा मूळ मजकूर मोठ्याने वाचतात, मी छापलेल्यावर नजर ठेवतो. सुरुवातीला ते प्रत्येक खूण बोलून दाखवायचे, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद. आता नाही बोलत. ते श्वास कुठे घेतात त्यावरून मला कळतं. हे काम कानाचंही आहे हे लक्षात यायला मला टॉवेल बांधावा लागला.

तुला दया आवडत नाही. मी रडवेला होऊन काही केलं असं वाटलं तर तू येणार नाहीस, म्हणून इतके दिवस पत्र टाळलं. पण खरं सांगू? मला स्वतःला काही लिहायचं नाही. मला गोष्ट सुचत नाही, फक्त चूक दिसते. खोली तुझी आहे. टेबलाला दोन खुर्च्या आहेत, समोरासमोर. हातांची तुझी, घड्याळाच्या आवाजाकडे पाठ करून. कागद माझ्या बाजूला. संध्याकाळी कामावरून आलो की तू बोलायचं आणि मी लिहायचं. एक पान झालं तरी चालेल, एक ओळ झाली तरी. लिहिलेलं तुला वाचून दाखवीन, आणि चुकलं तर तुझं बोट वरून येऊ दे, मी कागद त्याच्याखाली सरकवीन. ठमी रविवारी तुला घेऊन निघेल, तिच्याशी बोललो आहे. विरामचिन्हं सांगत बसू नकोस. तू श्वास घे, स्वल्पविराम मी देतो. ती मुलगी अजून पाण्यात आहे, ताई.

तुझाच,
टेबलाच्या पलीकडचा