कारध्याला पोचलेला पॅसिफिक

४ सप्टेंबर

गंभीर तक्रार नोंदवते— नकाशा सपाट राहत नाही! एका कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर शब्दकोश, तिसऱ्यावर इस्त्री. चौथा कोपरा मोकळा मिळाला की सगळं झुगारून पुन्हा गुंडाळी. लिलाधर म्हणाला, "दोनशे वर्षं गुंडाळून राहिला तो. तुह्यासाठी कायले उलगडन?" लग्नानंतर प्रथमच नवरा काही नेमकं बोलला.

नाकाडोंगरीकडच्या एका जुन्या खाण-बंगल्याच्या लिलावात खुर्च्या घेतल्या, त्यांच्यासोबत ही गुंडाळी आली. पॅसिफिक महासागर! युरोपातले खलाशी दोर सोडून खोली मोजत गेले, म्हणून पाण्यात आकडेच आकडे. मधेमधे ठिपक्यांएवढी बेटं. प्रत्येकाला कुठल्याशा राजाचं नाहीतर सरदाराचं नाव. तिथे राहणाऱ्यांना विचारायची पद्धत तेव्हाही नव्हतीच.

७ सप्टेंबर

लाकडी पट्ट्यांत दाबून शेवटी भिंतीवर टांगला.

शकुनबाई नदीकाठच्या कारध्याहून मासळी घेऊन आली. टोपली खाली ठेवली आणि बघतच राहिली. "हे कायचं पानी वो मॅडम? आन् हे आकडे?"

मी गंभीर चेहऱ्यानं— "धरण आणखी भरणार ना. हे ठिपके म्हणजे उरलेली गावं."

"आन् आमचं कारधा?"

"हे काय, या टोकाला. जेमतेम."

हसली नाही. टोपली उचलून गेली. इतका चांगला विनोद वाया गेला!

१० सप्टेंबर

शकुनबाई नाही. मासळी नाही. वरण-भात.

१२ सप्टेंबर

लिलाधर कारध्याच्या पुलावरून आला तो दारातूनच ओरडला, "तुही शकुनबाई घर उतरवून राहिली! छपराचे सारे कवेलू खाली! म्हणते, मॅडमकडं धरणाचा नवा नकाशा आला."

घर उतरवतेय? ऐन सप्टेंबरात?

मी म्हटलं, अरे, गंमत केली होती मी! तो म्हणाला, "तुहं पेपरातलं सदर वाचून तर कोनी हालत नाही. हे बरं हाललं!"

१३ सप्टेंबर

मी कारध्याला गेले. भिंती उभ्या, वर नुसतं आभाळ. अंगणात कवेलूंची थप्पी, छप्पर पेलणारी सागाची मयाल दोरानं बांधून गाडीवर चढवायला तयार. तांदळाचं पोतं रात्रीच्या पावसानं फुगलेलं. चूल विझलेली.

सांगितलं सगळं. ते पाणी इथलं नाही, दूरच्या समुद्राचं आहे. ठिपके म्हणजे बेटं, तिथे वेगळेच लोक राहतात. मी थट्टा केली.

तिचा मुलगा धनराज गाडीवरून उतरला. "थट्टा? पेपरात लिहिता ना तुमी? मायले वाटलं, हे बाई खोटं नाई बोलनार."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शकुनबाईनंच त्याला गप्प केलं. मग मला म्हणाली, "मांगं धरणवाले आमच्या जुन्या गावात घरायवर आकडे टाकून गेले. आमी म्हटलं, पाहू. पाहूस्तोवर पानी चुलीत आलं. मयाल गेली, कवाडं गेली. तवापासून आमी पाहत नाई. आकडा दिसला का घर उतरवतो."

आकडे! तिनं समुद्राची खोली पाहिली नव्हती. तिनं आपल्या जुन्या भिंती पाहिल्या होत्या. आणि मी वर ठिपकाही दाखवला!

१४ सप्टेंबर

पाऊस. ते सगळे ताडपत्रीखाली. इथे माझ्या डोक्यावर स्लॅब.

१५ सप्टेंबर

उघडीप. सकाळपासून कारध्यात, छप्पर पुन्हा चढवायला. धनराज वर, शकुनबाई शिडीवर, मी खाली. मी कवेलू उचलून देते, ती वर देते. बोटं सोलली.

मधेच ती थांबली. "टीव्हीत दाखवते, समुद्र चढून राहिला म्हनून. त्या बेटायवरच्या लोकाईले कोनी सांगतलं का वो?"

मी पुढचं कवेलू तिच्या हातात दिलं.