गेर्डाकाकूंच्या वडिलांचा फ्लेक्स

मॉरिसव्हिल, २१ एप्रिल

आदरणीय पंडितमामा,

सविनय जयभीम. तुमचे गुडघे, मामींची शुगर आणि अमितच्या दुकानातलं फ्लेक्स छापायचं मशीन, या तिन्हींच्या तब्येती बऱ्या असतील अशी आशा करते. आम्ही ठीक. अनुपची पाठ अधूनमधून धरते आणि रुही तेरा वर्षांची झाली आहे (तिच्याविषयी एवढंच सांगणं पुरेसं आहे). व्हॉट्सअ‍ॅप असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर मी स्वतःची बाजू फार घेते. लिहिताना जरा कमी घेते.

जयंती पार पडली. कशी, ते अमितने त्याच्या परीने सांगितलं असेलच. त्याला रागावू नका. सगळं मुळापासून सांगते.

आमच्या शेजारी गेर्डा मिलर राहतात. मूळच्या जर्मनीच्या, वय पंचाऐंशी. अमेरिकन सैनिकाशी लग्न करून साठ वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत आल्या, आता एकट्याच आहेत. रुही त्यांना काकू म्हणते म्हणून आम्हीही म्हणतो. फेब्रुवारीत चहाला आल्या तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोविषयी विचारलं. मी जरा जास्तच सांगितलं (मी या विषयावर सुरू झाले की अनुप न सांगता भांडी घासायला उठतो). दरवर्षी आम्ही हॉल घेतो, त्यांच्या नावाने घोषणा देतो, मुलं भाषणं करतात, हे ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांचं नाव चारचौघांत कुणी घेतलेलं मी कधी ऐकलं नाही."

वडील एमिल, कोळशाच्या खाणीतले कामगार. हिटलरच्या राज्यात ते आणि त्यांचे सोबती कामगारांच्या जेवणाच्या डब्यांत सरकारविरोधी पत्रकं सरकवायचे. पकडले गेले, मारले गेले. काकू तेव्हा चार वर्षांच्या. मला वाटलं होतं, युद्ध संपल्यावर अशा माणसाच्या दारात लोक फुलं घेऊन आले असतील. उलट गावात त्या कितीतरी वर्षं 'देशद्रोह्याची पोर' होत्या. पुढे हिटलरला विरोध करणाऱ्यांची आठवण निघू लागली तेव्हा लष्करी अधिकारी आधी आले, विद्यार्थी आले, पाद्री आले (तेही शूरच होते मामा, मी त्यांना कमी लेखत नाही). खाणकामगार, त्यातून कम्युनिस्ट, म्हणजे रांगेत पार मागे. ती रांग एमिलपर्यंत सरकलीच नाही.

मी इथल्या आमच्या जयंती मंडळाच्या मीटिंगमध्ये सुचवलं, यंदा पाच मिनिटं त्यांना देऊ. प्रफुल्ल म्हणाला, "अगं यार, आपलेच किती जण आठवायचे राहिलेत, त्यात हा जर्मन कुठून?" त्याचं चूक नव्हतं. घरी येऊन मी डायरीत दोन पानं भरली, की हे आपण काकूंसाठी करतोय की आपलं मन किती मोठं आहे हे आपल्याच डोळ्यांनी बघायला. तोवर हॉल बुक झाला होता. शेवटी प्रफुल्लच्या आईने, रत्नाबाईंनी विषय मिटवला (त्या नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत): "पोरगी म्हणते बापाचं नाव घ्या, तर घ्या ना बाप्पा." पोरगी पंचाऐंशीची.

काकूंनी जपून ठेवलेला एकच फोटो दिला, त्यात दोन पुरुष. मी तो अमितला पाठवला आणि लिहिलं, मुख्य माणूस ठेव, बाजूचा काढ. अमितने सूट, टाय आणि खिशात पेन असलेला माणूस ठेवला. टोपीवाला, बिनकोटाचा माणूस काढून टाकला. मामा, मी प्रूफ तीनदा तपासलं. जन्मसाल तपासलं, आडनावाचं जर्मन स्पेलिंग तपासलं. माणूस तपासला नाही. तशी गरजच वाटली नाही. जन्मापासून घराच्या भिंतीवर कोट पाहिलेली आपण माणसं. दोघांतला मोठा माणूस कोणता, हे आपल्याला कुणी सांगावं लागतं का?

तर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी कुरियरने आलेला सहा फुटांचा फ्लेक्स उभा राहिला, डोक्यामागे अमितने स्वखुशीने घातलेली सोनेरी किरणं. रत्नाबाईंनी कार्नेशनच्या फुलांचा हार ओवला. हॉलमध्ये ज्योतीला बंदी, म्हणून बॅटरीच्या मेणबत्त्या. वंदना झाली, मी बोलले, माझा आवाज छान भरून आला (तेव्हा मला त्याचा थोडा अभिमानही वाटला). सगळे हात जोडून उभे राहिले. काकूंना पुढे आणलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि हळूच म्हणाल्या, "जागृती, हा माझा लुडविगमामा. पोलिसांना यानेच सांगितलं होतं."

(मामा हा शब्द तुम्हाला लिहिताना हात अडखळला, पण करू काय, आईचा भाऊच तो.)

पन्नास माणसं खबऱ्यासमोर हात जोडून उभी. प्रफुल्लने माझ्याकडे पाहिलं, मी अनुपकडे, अनुपने मेणबत्तीकडे. "मॉम, धिस इज सो बॅड," रुही कुजबुजली. रत्नाबाई विचारत होत्या, काय म्हणते बाई? सांगावंच लागलं. मग काकू हसायला लागल्या. म्हणाल्या, लाजू नकोस, तिकडेही असंच झालं, चांगल्या कपड्यांतली माणसं आधी दिसतात.

रत्नाबाईंनी हार उतरवला. लुडविगला त्या काय म्हणाल्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मग त्यांनी खुणेने विचारलं, बाप कुठे? काकूंनी बोट दाखवलं. अमितने टोपीवाला कापला होता, पण मेव्हण्याच्या खांद्यावर ठेवलेला त्याचा हात त्याला कापता आला नव्हता. जाड, आखूड बोटं. आम्ही सगळ्यांनी तो लुडविगच्या कोटाचाच भाग समजला होता. रत्नाबाईंनी हार त्या कोपऱ्यात, तेवढ्या हातावर अडकवला. मोठ्या केलेल्या फोटोत तो हात खऱ्या हाताएवढा झाला होता. काकूंनी त्यावर आपला तळवा ठेवला.

एवढ्यात मागून प्रफुल्लचा आवाज आला, "कॉम्रेड एमिल," आणि हॉल म्हणाला, "अमर रहे." काकूंनी मला अर्थ विचारला, मी सांगितला. त्यावर त्यांनी विचारलं, अजून एकदा म्हणता येईल का. आम्ही वेळ संपेपर्यंत म्हणत होतो.

मामींना जयभीम, अमितला आशीर्वाद.

तुमची भाची,
जागृती

ता. क. काकू जूनमध्ये घर विकून ओहायोला, मुलाजवळच्या वृद्धाश्रमात जात आहेत. मुलाला जुन्या गोष्टी नको असतात, म्हणून फोटो त्यांनी मला दिला. मी पत्र लिहायला बसले ते खरं यासाठी: वस्तीतल्या तुमच्या वाचनालयाच्या भिंतीवर एक जागा मिळेल का? अमितला सांगा, या खेपेला टोपीवाला घे, किरणं नकोत.

ता. क. २. कमिटी विचारेल, हा आपला कोण? मीही हा प्रश्न स्वतःला विचारते आहे. काकूंनी मात्र वेगळंच विचारलं, की तिथली मुलं फोटो बघून हा कोण असं विचारतील का. मी हो म्हणाले, तुम्हाला न विचारता. फोटो आज सकाळीच पोस्टात टाकला, तेव्हा वरची ती विनंती नव्हे, नुसतं कळवलं आहे असंच समजा. खिळा जाड बघा, फ्रेम जुन्या लाकडाची आहे.