बबनकाकाच्या बोटीचा गळका पंप

३० जाने.
डोकं फिरलंय. बबनकाका म्हणजे सु.चा बाप. (तिचं नाव मी इथंही लिहीत नाही.) धरणाच्या पाण्यावर त्याची बोट चालते, पलीकडच्या गावांची ये-जा तिच्यावरच. बोटीला जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन, ते सारखं तापून राह्यलं म्हणून आमच्या गॅरेजच्या गजूभाऊनं मले पाठवलं. गेल्या गेल्या काका म्हणतो, "आला का अर्धा इंजिनीयर." सगळ्या उतारूंसमोर. डिप्लोमा मी सोडला, याचं काय गेलं? सु. तिथंच भाडं गोळा करत होती. हसली का, ते पाहायची हिंमत झाली नाही.

रेडिएटर कोरडा. पाइप पाहिले, क्लिपा आवळल्या. शेवटी पट्ट्यामागं हात घातला तर वॉटर पंपाच्या पोटाखाली ओलं. तिथं एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं. काकाले दाखवलं.
"थेंब पडालेच पाह्यजे बे. विहिरीवरच्या पंपाचा नाही पडत?"
अरे, विहिरीवरच्या पंपात शाफ्टभोवती दोरी गुंडाळलेली असते. तिले थेंब लागतो, नाहीतर जळते. इथं सील आहे. इथं थेंब म्हणजे सील मेलं! पण सगळे विहिरीवर वाढलेले, सगळेच पंपाचे डॉक्टर. हात धुऊन निघून आलो.

२ फेब्रु.
व्हायचं तेच झालं. बोट मधातच बंद पडली, वल्ही मारत काठाला आणली. सु. पण होती आत. कुणाचं काही बरंवाईट झालं असतं तर?

रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी पिवळंधमक.
काका म्हणे, "हळद टाकली दोन मुठी. गळती धरते म्हणतात."
गळती धरली नाही, रेडिएटर मात्र चोंदला. दुपारभर धूत बसलो. वरून काकाची घाई: आटप लवकर, रविवारी पोरीले पाहायले पाहुणे येऊन राह्यले, पलीकडून, बोटीनंच आणायचे.
पाना हातातून सुटला, पाण्यात गेला. हळद कशी घरात तयारच होती ते कळलं.

४ फेब्रु.
नवं सील टाकलं. इंजिन चालू केलं. थेंब.
काकाले तेवढंच पाहिजे होतं. घाटावर येईल त्याले सांगून राह्यला, "पहा, यानं बसवलेलं सीलही गळते." पंप परत खोलला. शाफ्टवर नख फिरवलं तर अडकलं. झिजून खाच पडली आहे. खाचेवर सील कसं धरणार? पूर्ण पंपच बदलावा लागेल, जालन्याहून आणून. हे आधीच पाहायला पाहिजे होतं. काका पाठीवर बसलेला असताना काय पाहणार!

५ फेब्रु.
जालन्याले पंप नाही भेटला असं म्हणालो असतो तर? कुणाले कळलं असतं? बोट बंद, आणि पलीकडून रस्त्यानं यायचं तर एवढा मोठा फेरा, पाहुणे कंटाळून आलेच नसते.
पण मग काका म्हणणार, अर्ध्याले जमलं नाही. ते ऐकून घेणं माझ्यानं होणार नाही.
पंप आणला.

७ फेब्रु.
बसवला. सकाळभर इंजिन चालू ठेवलं, भोकाखाली पेपर अंथरला. पेपर कोरडा. काकानं पेपर उचलून बोटानं चाचपला, म्हणे, "बरं हाय." एवढंच! आणि लगेच, "उद्या बोटीत बस. मधात बिघडली तं पाहुण्यासमोर फजिती."
मी! पाहुणे आणायले!
हो म्हणून आलो. काऊन म्हणालो, देव जाणे.

८ फेब्रु., रविवार
पाच जण. नवरदेव पॉलिश केलेल्या बुटात. मले विचारतो, "अॅव्हरेज काय देते बे?" बे? याच्या घरचा गडी आहे का मी? इंजिन जन्मात इतकं चांगलं चाललं नसेल. पाणी कोमटाच्या वर गेलं नाही.

ते काकाच्या घरी पोहे खात होते तेव्हा मी बोटीतच. काका दोनदा बोलवायले आला, गेलो नाही. मग त्यांना पलीकडं सोडलं. कळवतो म्हणाले.

परत आलो तर सु. घाटावर. काका दोर बांधायले पुढं गेला. आजपर्यंत भाड्याशिवाय एक शब्द बोलली नव्हती माझ्याशी.
"गळती बंद झाली?"
म्हटलं, हो, एक थेंब नाही आता. छाती फुगवूनच म्हटलं.
"काऊन केली बंद?"
आणि वळून चालली गेली.

आता हे काय! मले कसं कळावं? आधी एक शब्द बोलायचा होता. एक इशारा. मी त्या पंपाचे तुकडे केले असते. आणि वरून रागावली माझ्यावरच!

पाहुण्यांचा फोन अजून नाही. उद्या पहिल्या फेरीले भाडं तीच घेणार. जावं म्हणतो. पण पंप पाहायले आलो, हेही म्हणता येत नाही आता. कोरडा ठणठणीत करून ठेवला ना मीच.