धारेची वेळ

तीर्थरूप आईस,
तुला आणि गोठ्यातल्या सगळ्यांना लांबूनच नमस्कार.

मी ठणठणीत आहे. जेवण बेचव असतं, पण पोट भरतं. दूध संघाने मला या व्यापाराच्या वाटाघाटींना पाठवलं खरं, पण काम काय, तर मागच्या खुर्चीत बसून ऐकायचं. समोरच्या देशवाल्यांना त्यांची दूधभुकटी आपल्या बाजारात कर न भरता ओतायची आहे. मग आपलं दूध कोण घेणार, यावर कोणी बोलत नाही.

काल गंमतच झाली. बोलणी लांबली, खिडकीबाहेर उन्हं कलली आणि धारेची वेळ झाली म्हणून मी सवयीने उठून दाराकडे निघाले. आपल्या माणसांना वाटलं, मी निषेध करून चालले. तेही एकेक करून उठले. बैठक मोडली, दुधाचं कलम तसंच राहिलं. आपल्या बाजूचे मोठे साहेब म्हणाले, "बाई, हिंमत केलीत." मी आपली मान डोलावली.

तांबडी व्याली का? तिला विकायचं दादाच्या मनात असेल, तर मी येईपर्यंत दाव्याला हात लावू नको म्हणावं. तुझा गुडघा कसा आहे?

आज म्हणे उन्हं डोळ्यांवर येतात म्हणून खिडक्यांना पडदे लावणार आहेत. खुशाल लावू देत. काल मी सवयीने उठले, आज मुद्दाम उठणार आहे.

तुझी हट्टी,
धाकटी