माझ्या बाजूचा रस्ता

प्रिय ड्वेन,

तुझ्या भाचीला, टेसाला, लायसन्स मिळालं! गेल्या मंगळवारी, दुसऱ्या खेपेला, शंभरापैकी शहाण्णव गुण. बातमी आधी देऊन टाकली, आता पाल्हाळ लावायला मी मोकळी. नाताळच्या कार्डावर तू दरवर्षी दोन ओळी लिहितोस, म्हणून मीही दोनच लिहीत आले. या वेळी मात्र तुला सगळं वाचावं लागणार आहे.

तू म्हणशील, सोळा वर्षांच्या पोरीला लायसन्स मिळालं यात एवढं काय? पण गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या घोट्याचं तिसरं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं की हा पाय आता गाडीच्या पेडलवर ठेवायचा नाही. रॉजर ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर असतो. किराणा दुकान वीस मैलांवर, पायाचे व्यायाम करून घेणारी बाई त्याहून लांब. घरात गाडी चालवणारं कुणी नसेल तर आपल्या त्या टेकाडावर राहायचं कसं? शेत खंडानं देऊन गावात दोन खोल्या घ्यायच्या, असं रॉजरनं ठरवलंच होतं. जागाही बघून ठेवली होती, बेकरीच्या वरची. मी म्हटलं, "तुझ्या पोरीला एक उन्हाळा दे. नाही जमलं तर मी स्वतः सामान बांधीन."

मग आम्ही मर्लकडे गेलो. हो, तोच, तुझ्या वर्गातला. विमा विकून विकून त्याला टक्कल पडलंय, पण तोंड तसंच आहे. "कार्लीन," म्हणाला, "सोळा वर्षांचं पोर पॉलिसीत घालायचं म्हणजे घरात अस्वल पाळायचं. खर्चही अस्वलाचाच." त्यानं कागदावर आकडा लिहून आमच्याकडे सरकवला. रॉजर त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एवढ्यात दोन गायी येतील. आणि गायी खांबावर जाऊन आपटत नाहीत." मर्ल हसला. मग त्यानं सवलतीची वाट सांगितली. शाळेचा ड्रायव्हिंगचा कोर्स पुरा करायचा, शाळेत सरासरी 'बी' श्रेणी राखायची, आणि आई किंवा बापानं शेजारी बसून पन्नास तास सराव करून घ्यायचा, तारीखवार वहीत सही करून. तिन्ही गोष्टी आणल्या तर जवळजवळ तिसरा हिस्सा कमी. रॉजरनं विचारलं, "दोनच आणल्या तर?" मर्ल म्हणाला, "हा काय गुरांचा बाजार आहे, घासाघीस करायला?"

शेजारी बसायचं, इथे माझं घोडं अडलं. रॉजर घरी नसतो, म्हणजे बसायचं मलाच. कुठल्याही पोराटोराशेजारी पुढच्या सीटवर मी शेवटची बसले त्याला सव्वीस वर्षं झाली, ड्वेन. तू सतरा वर्षांचा होतास, मी चौदाची. ऑगस्ट महिना, डोक्याच्या वर गेलेला मका, मातीच्या रस्त्यांची ती चौफुली आणि उजवीकडून, माझ्या बाजूनं, आलेला धान्याचा ट्रक. माझा घोटा गेला तो गेलाच. बाबा इस्पितळाच्या व्हरांड्यात तुला म्हणाले होते, "माझी पोर तू लंगडी केलीस." त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस. दूर ओमाहा शहरात गेलास तो बाबांच्या अंत्यविधीलासुद्धा आला नाहीस. या गोष्टी आपण दोघं कधी बोललो नाही. आज बोलणार आहोत, पण आधी टेसाचं ऐक, कारण तिच्यावाचून मला हे लिहिता आलं नसतं.

पोरगी दहाव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवते, बाराव्यापासून धान्याचा ट्रक. तेव्हा कोर्स म्हणजे हातचा मळ, अशी तिची समजूत. शिकवायला कोच हॅवलिक. हा माणूस वर्षभर फुटबॉल शिकवतो आणि उन्हाळ्यात गाडी, आणि दोन्हीकडे गळ्यात शिट्टी. पहिल्याच दिवशी त्यानं तिला अर्धा तास फिरवलं आणि म्हणाला, "टेसा, तुला गाडी छान येते. आता ती विसर." का, तर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ही स्टिअरिंगवरचं बोट उचलून रामराम घालणार. आपल्याकडे कोण घालत नाही? कोचनं मोजलं, चार मैलांत एकोणीस वेळा. "यातल्या अकरा जणांना तू ओळखतसुद्धा नाहीस," तो म्हणाला. ती म्हणाली, "म्हणून काय बोट उचलायचं नाही? ते काय म्हणतील?"

जूनमध्ये पहिली परीक्षा झाली आणि बाईसाहेब तोंडावर आपटल्या. तेही कुठे, तर बँकेसमोरच्या चौकात, जिथे चारी बाजूंना 'थांबा'च्या पाट्या आहेत. नियम सरळ आहे. जो आधी आला तो आधी जाणार. पण आपल्या गावात तो नियम कुणी पाळलाय? इथे आधी येणारा हात हलवून म्हणतो, "तुम्ही व्हा पुढे." समोरचा म्हणतो, "छे, तुम्हीच." टेसा पहिली आली होती. तिनं आधी म्हाताऱ्या हार्लनला पुढे घातलं, मग पाद्रीबाईंना, मग मागाहून आलेल्या दूधवाल्याला. परीक्षा घ्यायला आलेला माणूस जिल्ह्याचा, त्याचं घड्याळ चाललेलं. शेवटी तो म्हणाला, "मुली, तुझी पाळी असताना तू जात नाहीस, म्हणजे बाकीच्यांनी काय करायचं ते त्यांना कळत नाही. अशानंच गाड्या धडकतात." नापास. घरी येऊन तिनं उशीत डोकं खुपसलं. "मॉम, मी सभ्यपणासाठी नापास झाले," म्हणाली. मला हसू येत होतं आणि रडूही, कारण बेकरीवाल्यानं भाड्याबद्दल पुन्हा फोन केला होता.

मग आम्ही दोघींनी कंबर कसली. रोज जेवणानंतर दोन तास. पहिले आठ दिवस मी दाराची मूठ इतकी घट्ट धरून बसायचे की बोटं आखडायची. टेसानं एकदा विचारलं, "मॉम, तू माझ्या गाडीत बसलीयस की दंतवैद्याच्या खुर्चीत?" मी म्हटलं, "रस्त्याकडे बघ." पण पोरगी सुधारत होती, ते दिसत होतं. बोट उचलणं चारवर आलं. चौकात ती पाळी आली की जायला लागली. एकदा हार्लननं हात हलवून तिला थांबायला सांगितलं, तरी ही आपली पाळी म्हणून निघून गेली. रविवारी चर्चबाहेर तो मला म्हणाला, "तुझी पोर फार शिष्ट झाली हो." मला इतका आनंद झाला की मी त्याला आपले कोलाचे खाऊ घातले, खसखशीचं सारण भरलेले गोड पाव.

आणि मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती त्या चौफुलीवर आली. मी तिला कधी तिकडे नेलं नव्हतं. मुख्य रस्ता खणून ठेवला होता, म्हणून तिनं आपणहून गाडी वळवली. दोन्ही बाजूंना मका, पाटी नाही, काही नाही. तिनं गाडी हळू केली आणि मला विचारलं, "मॉम, तुझ्या बाजूनं कुणी येतंय?" ड्वेन, मी नुसती समोर बघत राहिले. ती म्हणाली, "राहू दे, मी विसरलेच. कोच म्हणतात, शेजारच्याच्या शब्दावर चाक हलवायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं." तिनं गाडी पूर्ण थांबवली, काच खाली करून कान दिला, मग वीतभर पुढे घेतली, पुन्हा थांबली, मान वळवून दोन्हीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. पार झाल्यावर मी तिला गाडी कडेला घ्यायला सांगितलं आणि ओक्साबोक्शी रडले. जे रॉजरलाही कधी सांगितलं नव्हतं ते सगळं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. माझा हात धरला नाही, की डोळे पुसले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाली, "हे मला काय सांगतेस? अंकल ड्वेनना सांग."

गेल्या मंगळवारी तोच जिल्ह्याचा माणूस पुन्हा आला. मी शाळेच्या आवारात कोचशेजारी उभी होते, आणि मी सांगते, फुटबॉलच्या अंतिम सामन्यालासुद्धा मी कोचला शिट्टी चावताना पाहिलं नव्हतं. गाडी परत आली. तो माणूस उतरला, मघाशी दाबून ठेवलेलं हसू सोडत म्हणाला, "चार गुण कापलेत. एका कुत्र्याला बोट उचलून नमस्कार केला म्हणून." कोचनं शिट्टी फुंकली ती बँकेपर्यंत ऐकू गेली असेल. मी काठी टाकून एका पायावर नाचले. तिथून थेट मर्लच्या कचेरीत. टेसानं कोर्सचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं, मग गुणपत्रिका, मग पन्नास तासांची वही, प्रत्येक ओळीला माझी सही. मर्लनं वही पानापानानं पाहिली. म्हणाला, "बाकीचे आईबाप या सह्या एका बैठकीत ठोकतात, एकाच पेनानं. हे खरं आहे." मग त्यानं पॉलिसीवर सवलतीचा शिक्का मारला, आणि तोही अशा थाटात, जणू लायसन्स त्यालाच मिळालं होतं. रॉजरनं रस्त्यावरूनच फोन करून बेकरीवाल्याला सांगितलं, तुझ्या खोल्या दुसऱ्या कुणाला दे. आम्ही घर सोडत नाही, ड्वेन. आम्ही जिंकलो!

आता माझं. त्या दिवशी चौफुलीवर तू गाडी हळू केली होतीस. तू मला विचारलंस, "तुझ्या बाजूनं कुणी आहे का गं?" आणि मी रेडिओची बटणं फिरवत होते. मान वर न करता मी म्हटलं, "कुणी नाही, चल." मी पाहिलंच नव्हतं. इस्पितळात बाबा तुला बोलत होते तेव्हा मी जागी होते, मला सगळं ऐकू येत होतं. तू उघड्या दारातून एकदा माझ्याकडे पाहिलंस, आणि मी डोळे मिटून घेतले. तूही बाबांना सांगितलं नाहीस की कार्लीननं चल म्हटलं होतं. मी वर्षानुवर्षं वाट पाहिली की तू कधीतरी सांगशील आणि मी सुटेन. तू सांगितलं नाहीस, आणि मी गप्प राहून तुला घराबाहेर ठेवलं. तुझी चूक असेल तर इतकीच की तू धाकट्या बहिणीवर विश्वास ठेवलास. हे मी काल रॉजरला सांगितलं, आज सकाळी चर्चमध्ये पाद्रीबाईंना सांगितलं, आणि बाबांच्या थडग्यापाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. आता गावात हे ज्याला माहीत नाही असा फक्त हार्लन उरलाय, आणि तो बहिरा आहे.

पाकिटावर टपालाचं तिकीट नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. ज्या उंच, पिंगट केसांच्या मुलीनं ते तुझ्या हातात दिलं आणि जी अजून दारात उभी आहे, ती टेसा. चार तास एकटीनं गाडी चालवत ती तुझ्यापर्यंत आली आहे. पत्र वाचून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, अशी मी तिला ताकीद दिली आहे, आणि एवढा वेळ गप्प राहणं तिला परीक्षेहून जड गेलं असणार. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसले आहे, तू येईपर्यंत उठणार नाही. दाराला कुलूप लाव आणि तिच्याबरोबर घरी ये.

तुझीच धाकटी,
कार्लीन